उसनं चालणं

मी एसटीत वाहक आहे. तिकीट फाडायचं काम यंत्रानं कधीच काढून घेतलं. दाराच्या चौकटीतला कॅमेरा माणूस ओळखतो आणि तिकीट आपोआप कापलं जातं. आम्हाला ठेवलंय ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून चढवायला आणि जागेवरून लागलेली भांडणं सोडवायला. अकरा वर्षं मिरज ते आरग या फेरीच्या दारात उभी राहून मला एक खोड लागली आहे. मी माणसाचं तोंड नंतर बघते, पाय आधी. कोण माहेराला निघाली आहे, कोण सासरी, कोणाला दवाखान्यात खरं काय ते सांगून टाकलंय, हे पायरीवर पाऊल पडतानाच मला कळतं. अवधूत, माझा नवरा, म्हणतो की आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, त्यातला हा प्रकार आहे. तो चेष्टेनं म्हणतो, पण ते किती खरं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्याच पोरीचे पाय मला आठ वर्षं सरळ नजरेनं बघता आले नाहीत.

मैथिली जन्मली तेव्हाच तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती. तळवे एकमेकांसमोर, नमस्कार केल्यासारखे. क्लबफूट म्हणतात त्याला, हजारात एखाद्या बाळाला असतो, आणि बहुतेकांचा लहानपणीच बरा होतो. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं सरळ करत प्लास्टर घालायचं, मग टाचेमागची ताठ शीर बारीकशी कापून मोकळी करायची, आणि त्यानंतर पट्टीवर बसवलेले दोन बूट. सुरुवातीला दिवसरात्र, मग चार वर्षांची होईपर्यंत झोपेच्या वेळी. आमच्या पोरीचे पाय प्लास्टरनं सरळ झालेही. पण तिसऱ्या वर्षी ते पुन्हा वळले. चौथ्या वर्षी पुन्हा प्लास्टर, पाचव्या वर्षी ऑपरेशन, आणि ऑपरेशनचे व्रण आखडले तसे पाय आधीपेक्षा जास्त वाकडे. आठव्या वर्षी ती पावलांच्या बाहेरच्या कडांवर चालायची. तिथली कातडी माझ्या टाचेहून जाड झाली होती. शाळेत ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, कारण तिथून बाहेर पडायला कोणासमोरून जावं लागत नाही. तोंडानं मात्र ती कोणाला हार जात नसे.

नव्या उपचाराची माहिती मिरजेच्या डॉ. बागवानबाईंनी दिली. बाई बोलायला तुटक, पण समोरच्याला कळेपर्यंत उठत नाहीत. त्यांनी टेबलावर एक दोरखंडाचा तुकडा ठेवला आणि समजावलं. हाडांना हाडांशी बांधणारे पट्टे असतात, ते असल्याच बारीक तंतूंचे पिळलेले दोर असतात. तंतू एकमेकांना रासायनिक गाठींनी जखडलेले असतात. मैथिलीच्या पायात त्या गाठी चुकीच्या लांबीवर बसल्या होत्या, आणि व्रणांनी त्या अजून घट्ट केल्या होत्या. आजवरचे सर्जन ते दोर कापायचे. कापलं की पुन्हा व्रण, आणि पाय लाकडासारखा. आता एक द्रव निघाला होता, तो सुईनं नेमका त्या पट्ट्यांत सोडायचा. त्यानं दोर तुटत नाही, फक्त गाठी तीन आठवड्यांपुरत्या सुटतात. तेवढ्या मुदतीत पायाभोवती बसवलेली एक हलकी कडी हाडांना तासातासाला केसाएवढं सरकवत जागेवर आणते. मग द्रव उतरतो आणि गाठी नव्या लांबीवर बसतात.

हे सगळं तसंच झालं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कड्या निघाल्या, बाईंनी मैथिलीला पलंगाच्या कडेला बसवलं आणि पाय खाली सोडायला सांगितले. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. पूर्ण, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मैथिली खाली वाकून बघत होती आणि म्हणाली की फरशी गार आहे. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

अवधूत तर त्याच दिवशी तिला बाजारात चालवत न्यायच्या बेतात होता. पी हळद आणि हो गोरी. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं. पाय सरळ झालाय, चालणं नाही, असं त्या म्हणाल्या. आठ वर्षं तिच्या मेंदूनं कडेवर चालायचा हुकूम दिलाय. स्नायू तोच हुकूम पाळतील, आणि नव्या गाठी पक्क्या व्हायला शंभर दिवस लागतात. तेवढ्यात ती जुन्या सवयीनं चालली तर पाय पुन्हा वळतील, आणि हा द्रव एका पायाला दुसऱ्यांदा देता येत नाही.

त्यावरही उपाय होता. गुडघ्यापर्यंतचा एक मोजा, त्यात विजेच्या बारीक तारा विणलेल्या. तो पोटरीच्या मज्जातंतूंना क्रमानं इशारा देतो, आता टाच, आता चवडा, आता उचल. शंभर दिवसांत मेंदू तो क्रम आपला म्हणून घेतो आणि मोजा काढून टाकायचा. पण तो क्रम खऱ्या माणसाचा लागतो. सुरुवातीला संगणकानं हजार माणसांची सरासरी काढून बनवलेलं चालणं देऊन पाहिलं होतं. मुलं चालली, पण पडायची, आणि म्हणायची की मागून कोणीतरी ढकलतंय. जवळच्या रक्ताच्या माणसाचं, त्याच प्रमाणाच्या हाडांचं चालणं दिलं तरच शरीर ते मानतं. आणि एकदा मानलं की ते जन्माला पुरतं.

आमची मापं घेतली. माझ्या मांडीचं आणि नडगीचं प्रमाण मैथिलीशी जुळेना. अवधूतचं जुळलं, पण त्याच्या पायात अपघातानंतर बसवलेली सळई आहे आणि तो तेव्हापासून एका बाजूला झुकतो. बाईंनी विचारलं, बापाकडचं अजून कोणी? अवधूतनं माझ्याकडे बघितलं नाही. एक बहीण आहे, तो म्हणाला.

वनिता, अवधूतची थोरली बहीण, माझ्या वन्सं. आरगजवळ त्यांचा पानमळा आहे. नवरा गेल्यावर तो त्या एकट्या हिमतीनं सांभाळतात. सात वर्षं त्या आमच्या घरात आल्या नव्हत्या, आणि मैथिलीला आपल्याला आत्ती आहे आणि ती जिभेची वाईट आहे एवढंच ठाऊक होतं.

भांडणाचं कारण सगळ्या भावकीला पाठ आहे. बारशाच्या दिवशी पाळण्यातले पाय बघून वन्संच्या तोंडून निघून गेलं होतं, की पोटुशी असताना गिराणात काही चिरलं-कापलं का. चार बायांसमोर. मी तेव्हा गप्प बसले. पण पुढे मैथिली सव्वा वर्षाची असताना त्या एकदा आल्या आणि मी तो जुना शब्द उकरून काढला. माझ्या लेकराच्या पायांना ग्रहण म्हणणारीनं या घरात पाय ठेवायचा नाही, असं दारात उभी राहून सांगितलं. सगळ्यांना माझं पटलं. आईचं काळीज आहे म्हणाले. वन्संनी तोंडातून ब्र काढला नाही. चपला घातल्या आणि गेल्या.

ही झाली पाठ असलेली गोष्ट. तिचा दुसरा अर्धा भाग फक्त मला आणि त्यांना माहीत होता, तो पुढे येईलच.

अवधूत जाऊन त्यांना घेऊन आला. येणार नाहीत अशी माझी खात्री होती, म्हणजे खरं तर आशा होती. त्या इस्त्रीचं पातळ नेसून, हातात पानांची करंडी घेऊन आल्या. पानं डॉक्टरांना दिली. मैथिलीच्या गालावरून हात फिरवला आणि तिचे पाय बघून नुसतं छान झालं म्हणाल्या. मला त्यांनी बरी हाईस नव्हं, एवढं विचारलं. मी हो म्हणाले.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात त्यांच्या कमरेला पट्टा आणि पोटऱ्यांना चकत्या बांधल्या आणि वीस फेऱ्या मारायला सांगितलं. व्हरांड्याच्या एका टोकाला यंत्र होतं. दुसऱ्या टोकाला मी हाताची घडी घालून उभी होते. वीस वेळा त्या माझ्याकडे चालत आल्या, आणि वीस वेळा माझ्यापासून दोन हातांवर वळल्या. यंत्रावरचे आकडे उत्तम आले. दोन्ही पायांचं वजन सारखं, टाच वेळेवर, तोल पक्का. पोरीला लाभेल असं चालणं आहे, असं यंत्र चालवणारा तंत्रज्ञ म्हणाला.

पहिल्या आठवड्यात मैथिली भिंत सोडून चालू लागली. दुसऱ्या आठवड्यात अंगणात. शेजारपाजारचे बघायला आले, अवधूतनं पेढे वाटले. मीही सगळ्यांबरोबर हसत होते. पण माझी खोड मला स्वस्थ बसू देईना.

मी पाहत होते ते चालणं माझ्या ओळखीचं होतं. बसमध्ये अशी माणसं रोज चढतात. पायरीवर पाऊल ठेवतात ते परत खाली घ्यायच्या तयारीनं. जागा असली तरी कडेला उभी राहतात. मैथिली घरात तशी चालत होती. टाच टेकायची, पण आवाज नाही. दारातून जाताना अंग चोरायचं. समोरून कोणी आलं की ही आधी थांबायची, बाजूला व्हायची, नजर खाली. वाकड्या पायांनी चालताना ती कधी अशी चालली नव्हती. तेव्हा ती खुरडत का होईना, मधोमध यायची.

एकोणिसाव्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "आई, आपल्या घरात माझ्यावर कोण रागावलंय का?"

मी विचारलं, असं का वाटतं. तिला सांगता येईना. चालायला लागलं की वाटतं, म्हणाली. बसलं की नाही वाटत.

मी कंगवा तसाच ठेवून डॉक्टरांकडे गेले. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, आकडे पुन्हा काढले आणि डोक्याला हात लावला. आकड्यांत चूक नव्हती. पण चालण्यात नुसते पाय नसतात, त्या म्हणाल्या. भ्यालेला माणूस आखडून चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. उलटही खरं आहे. माणसाला आखडून चालायला लावलं की मेंदू कारण शोधू लागतो, मी कशाला भितोय म्हणून. व्हरांड्यात वनिताबाई कशाच्या तरी दडपणाखाली चालल्या आणि आम्ही तेच टिपलं. बाई मला दोष देत नव्हत्या, त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

चाळिसाव्या दिवसापर्यंत क्रम बदलता येत होता. नंतर तोच कायमचा. बाईंनी बरोबर नेता येईल असा पट्टा दिला आणि सांगितलं की वनिताबाई रोज जिथं भान न ठेवता वावरतात तिथं टिपून आणा.

मी आधी पळवाटच शोधली. पट्टा अवधूतबरोबर पाठवला. त्यानं दोन दिवस मळ्यात राहून टिपून आणलं. बाईंनी यंत्राला लावलं आणि मान हलवली. तेच चोरटं पाऊल. अवधूतला कोडं पडलं. आक्का मळ्यात वाघिणीसारखी फिरते, तो म्हणाला, पट्टा बांधला की काय होतं कोण जाणे.

मला कळलं होतं काय होतं ते. सत्ताविसाव्या दिवशी मी रजा टाकली, पट्टा घेतला आणि नाक मुठीत धरून आरगला गेले. माझ्याच गाडीतून, बाकावर बसून.

पानमळ्यात पायताण चालत नाही. देवळासारखंच पाळतात ते. मी बांधावर चपला काढल्या आणि आत शिरले. शेवरीच्या उंच झाडांवर चढवलेले वेल, मधल्या अरुंद ओल्या सऱ्या, आणि बाहेर ऊन असूनही आत गारवा. वन्सं एका वेलाला लव्हाळ्यानं बांधत होत्या. मी पट्टा पुढे केला. त्यांनी तो बांधून घेतला आणि चार पावलं चालून दाखवली. डोळ्यांदेखत त्यांचे खांदे आत गेले.

त्या थांबल्या. "मला काय कळत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "पोरीच्या पायात जायाचं हाय, नीट चालावं असं लई वाटतंय. पर हे चालणं तुझ्या घरात जाणार, असं मनात आलं की माझं पाय आखडत्यात. मी काय करू, सांग."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. जमत नाही याची लाज वाटत असल्यासारखं म्हटलं. ते मला सोसलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःचीच किळस आली, आणि मग जे बोलायचं ठरवून आले नव्हते तेच मी बोलले.

"वन्सं, बूट मीच काढत होते."

त्यांचे हात वेलावर थांबले.

मी सगळं सांगितलं. त्या पट्टीच्या बुटांत मैथिली उबळ येईपर्यंत रडायची. पाय हलवता येत नाहीत म्हणून डोकं आपटायची. अवधूत तेव्हा कामासाठी पुण्याला होता, शनिवारी यायचा. मी एकदा बूट काढले आणि ती माझ्या कुशीत शांत झोपली. मग रोजच काढू लागले. शनिवारी तेवढे घालायचे. डॉक्टरांच्या कागदावर मी दर महिन्याला बूट नियमित म्हणून लिहून दिलं. मैथिली सव्वा वर्षाची असताना वन्सं अचानक भर दुपारी आल्या. पोर झोपलेली आणि बूट खुंटीला. त्यांनी हात लावून बघितला, पट्ट्यांवर धूळ होती. हिला बूट घालत न्हाईस व्हय गं, एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी चोराच्या उलट्या बोंबा ठोकल्या. ग्रहणाचा शब्द काढून एवढा गदारोळ केला की बुटांचं कोणाला ऐकूच गेलं नाही. पुढे पाय वळले, ऑपरेशन झालं. दर वेळी लोक वन्संच्या जिभेला नावं ठेवायचे. मी ठेवू दिली.

बोलून झाल्यावर मी तिथंच सरीत बसले.

वन्संनी हातातली गाठ पुरी केली. "मला ठावं हुतं ते," त्या म्हणाल्या. "त्यानंच पाय वळलं ह्ये तुला ठावं हाय का न्हाई, येवढंच ठावं न्हवतं."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या की बारशाला त्यांची जीभ घसरली होती हे खरंच होतं. अडाण्यासारखं बोलून गेल्या म्हणून त्यांनी स्वतःच कानाला खडा लावला होता. जिचा पहिला शब्द चुकला तिचा दुसरा कोण खरा मानणार? आणि सांगून भावाचा संसार मोडला असता तर पोर कुठं गेली असती?

मग त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "मी चालते तुझ्या पोरीसाठी. पर एक कर. शंभर दिस झालं की तिला खरं सांगायचं. अवधूतलाबी आणि तिलाबी. माझं चालणं पायात घिऊन तिनं जलमभर फिरायचं, आणि आत्ती वाईट म्हणूनच आयुष्य काढायचं, ह्ये मला न्हाई चालणार."

मी म्हणाले की ती माझं तोंड बघणार नाही. वन्सं म्हणाल्या, "व्हईल तसंबी."

मी कबूल झाले. त्या वेळी मला मैथिली गमवायची भीती वाटली. तशी भीती ऑपरेशनच्या टेबलावर तिला ठेवतानाही वाटली नव्हती. तरी मी हो म्हणाले, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं माझ्याकडे उरलंच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून मजुरीच्या बायांनी हाक मारली, पाट फुटून पाणी भलत्याच सरीत शिरलं होतं. वन्सं उठल्या आणि निघाल्या. पट्टा कमरेला आहे हे त्या विसरल्या होत्या. मी मागून गेले, पण मला त्यांना गाठता येईना. टाच चिखलात रुतायची, पाऊल पूर्ण पसरायचं, अंगठा माती धरायचा आणि सोडायचा. दोन्ही बाजूंनी वेल अंगावर येत होते, पण त्यांनी कोणासाठी अंग चोरलं नाही, वेलच बाजूला झाले. बायांना आवाज देत, मधेच वाकून एक पान उलटं करून बघत, त्या दोन तास मळाभर फिरल्या. पट्ट्यातला दिवा हिरवा होता आणि मी चिखलानं गुडघ्यापर्यंत भरले होते.

नवा क्रम मोज्यात गेला आणि शंभर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले.

काय फरक पडला ते तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना कळलं. मैथिलीनं दारात त्यांना वाट दिली नाही, त्यांच्याच हाताला धरून त्यांना बाजूला केलं आणि पुढे गेली. ती घरात चपला घालेना. पायाच्या बोटांनी फरशी धरून चालायची. शाळेत आपण होऊन पहिल्या बाकावर गेली आणि तिथल्या मुलाशी भांडून जागा घेतली. आता वन्सं दर रविवारी येतात. दोघी अंगणातून चालत गेल्या की मागून बघणाऱ्याला एकच बाई मोठी आणि लहान दिसते. अवधूत ते बघून रडला आणि डोळ्यात कचरा गेला म्हणाला.

त्याला मी त्याच आठवड्यात सांगितलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला की चार वर्षांत त्यानं ते बूट एकदाही हातात घेऊन बघितले नव्हते. तो चहा आम्ही दोघांनी मिळून प्यायला.

मैथिलीला सांगायचं राहिलं होतं. शंभर दिवस मी रोज तिच्या पायात मोजा चढवला. ती कंटाळायची, खाजतंय म्हणायची, एकदा ताप आला तेव्हा काढ काढ म्हणून रडली. मी काढला नाही. ती रडत असताना मी तिच्या शेजारी बसून राहिले, आणि हे मला आठ वर्षांपूर्वी का जमलं नाही ते मला त्या दिवशीही कळलं नाही.

शंभराव्या दिवशी सकाळी बाईंनी मोजे उतरवले. मैथिली दवाखान्याच्या व्हरांड्यातून उघड्या पायांनी चालत गेली आणि आली. बाईंनी मोजे कपाटात टाकले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. घरी आलो. वन्संही आल्या होत्या. पण त्या आत न येता अंगणात लिंबाखाली बसून राहिल्या. तुमचं तुम्ही बोला, म्हणाल्या.

मी मैथिलीला समोर बसवलं आणि सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं गोलगोल नाही, सरळ. बूट, खुंटी, कागदावर लिहिलेलं खोटं, आत्तीशी भांडण. अवधूत दाराशी उभा होता.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "बूट घातले असते तर माझे पाय तेव्हाच सरळ झाले असते?"

तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, की हिचा प्रकार अवघड आहे, बूट घालूनही काहींचे पाय पुन्हा वळतात. ते वाक्य मी सात वर्षं अंगावर पांघरून बसले होते. आताही ते जिभेवर आलं. मी ते गिळलं.

"बहुतेक झाले असते," मी म्हणाले.

"आणि ऑपरेशन? पाचवं वर्ष होतं तेव्हाचं?"

"ते लागलं नसतं."

बूट घातल्यावर मी लय रडत होते का, तिनं विचारलं. मी हो म्हणाले. तू पण रडत होतीस का? मी पुन्हा हो म्हणाले. मला वाटलं आता ती माझ्या गळ्यात पडेल, आणि असं वाटलं याची मला लगेच लाज वाटली.

ती उठली. "मी तुझ्याशी बोलणार नाही," ती म्हणाली. "किती दिवस ते मी ठरवणार." आणि ती निघाली.

राग आला की इतर मुलं काय करतात ते मी बसमध्ये आणि शेजारीपाजारी बघितलं आहे. मैथिलीला ते कधी करता आलं नव्हतं. कडेवर टेकलेलं पाऊल आपटलं तर कळ मस्तकात जायची. तिचा सगळा राग तोंडातून नाहीतर डोळ्यांतून निघायचा, आणि मग ती होती तिथंच माझ्याकडे पाठ करून बसायची, कारण निघून जाणं तिला परवडत नसे.

आता ती पाय आपटत गेली. माजघरातून, स्वयंपाकघराच्या दारावरून, मांडणीतली ताटं खणखणली इतक्या जोरात. एकदाही मागे वळून बघितलं नाही. उंबरा ओलांडला आणि अंगणातल्या फरशीवर तोच आवाज, आत्तीच्या दिशेनं.

अवधूत तिला परत आणायला निघाला. मी त्याचा हात धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला हसूही येत होतं, आणि कोणतं थांबवावं ते कळत नव्हतं.

"जाऊ दे तिला," मी म्हणाले. "ऐक जरा."

आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. टाच आधी, मग सगळं पाऊल.